सोयीचा सद्गुण

घर चांगले असले म्हणजे त्यात राहणारा माणूस चांगला ठरतो काय? प्रश्न पोरकट वाटेल. देवळाच्या ओवरीवर झोपणारा प्रत्येकजण भक्त नसतो, हे आपल्याला शाळेत जाण्यापूर्वीच कळलेले असते. पण अलीकडे जगात अशा काही वसाहती उभ्या राहिल्या आहेत, की जेथे नीतीचे बरेचसे काम भिंतींनीच अंगावर घेतले आहे. त्यांची हकीकत वाचली की हाच पोरकट प्रश्न पुन्हा अवघड होऊन बसतो.

लंडनच्या दक्षिण भागात सटन म्हणून एक विभाग आहे. तेथे 2002 साली शंभर बिऱ्हाडांची एक वसाहत बांधून पुरी झाली. तिचे नाव लांबलचक आहे. लोक तिला नुसते ‘बेडझेड’ म्हणतात. बिल डन्स्टर या वास्तुशिल्पकाराने तिचा आराखडा केला. पीबडी ट्रस्ट ही घरे बांधणारी जुनी धर्मादाय संस्था आणि बायोरीजनल ही पर्यावरणाचे काम करणारी संस्था यांनी ती उभी केली. घरांची तोंडे दक्षिणेला. आपल्याकडे दक्षिणाभिमुख घर म्हटले की घरातली वडीलमंडळी कपाळाला आठ्या घालतात; पण त्या थंड मुलखात सूर्य दक्षिणेकडून येतो आणि त्याच्यासारखा पाहुणा दुसरा नाही. त्याला आत घ्यावयाचे आणि काचेच्या तिहेरी तावदानांआड आणि भिंतींत भरलेल्या वीतभर जाडीच्या अस्तरामागे त्याची ऊब कोंडून ठेवावयाची, अशी ही योजना. छपरांवर रंगीबेरंगी टोप्या बसविल्या आहेत. वारा येईल तशा त्या फिरतात आणि विजेच्या पंख्यावाचून घरात मोकळी हवा खेळवितात. बांधकामाचे पुष्कळसे लोखंड जुने, मोडीतले. त्यातले काही ब्रायटनच्या रेल्वे स्टेशनावरून आलेले. स्टेशनाची तुळई घराच्या कामी आली, हे वाचून माझ्यातल्या कादंबरीकाराला उगीचच बरे वाटले.

परंतु मला सर्वांत विचार करावयास लावले ते तेथल्या स्वयंपाकघरातल्या मीटरने. आपल्याकडे मीटर जिन्याखाली, अंधारात, कोळ्याच्या जाळ्यांच्या सोबतीने राहतो. महिन्याकाठी कोणीतरी येऊन तो वाचून जातो. आपण वाचतो ते फक्त बिल. बेडझेडमध्ये विजेचे आणि पाण्याचे मीटर स्वयंपाकघरात, डोळ्यांसमोर, काचेआड लावले. बटाटे उकडता उकडता बाईला किंवा बुवाला दिसावे, की आपण या घटकेला किती खर्चीत आहोत.

मी शिक्षक आहे, तेव्हा मला लगेच परीक्षेचा वर्ग आठवला. पर्यवेक्षक दाराशी उभा असताना कॉपी न करणाऱ्या मुलाला प्रामाणिक म्हणावे काय? पण थोडा विचार केल्यावर ही उपमा मला सोडावी लागली. मीटर पर्यवेक्षक नव्हे. तो आरसा आहे. केस विस्कटले म्हणून आरसा रागावत नाही, आणि फणीही आणून देत नाही. तो दाखवितो एवढेच. ज्याला पाहावयाचे नाही त्याला आरशाकडे पाठ करून बटाटे उकडता येतातच की!

येथे आपल्यातला कोणीतरी हटकून म्हणणार, “यात नवे ते काय? आमच्या चाळीत हे सगळे होतेच.” होतेच, हे खरे. पहाटे नळ येई आणि घंटाभरात जाई. तेवढ्या पाण्यात सात माणसांचा दिवस निघे. लुगडे फाटले की त्याची गोधडी होई, गोधडी विटली की पायपुसणे होई. उरलेसुरले बोहारीण घेऊन जाई आणि बदल्यात एखादे पातेले देई. कागदाचा चिटोरा वाया जात नसे. तरीही या अभिमानाला माझी मान डोलत नाही. नळाला चोवीस तास पाणी आले, त्या दिवशी आपण काय केले? दाढी संपेपर्यंत नळ वाहता ठेवला. म्हणजे ती काटकसर आपल्या स्वभावात कधी मुरलीच नव्हती. तिचा मुक्काम फक्त नळाच्या वेळापत्रकात होता. गरिबीने माणसाकडून करवून घेतलेल्या गोष्टींना नंतर संस्कृती म्हणावयाचे, ही आपली जुनी खोड आहे. आणि चाळीतल्या पाण्याच्या रांगेत ज्यांच्या कमरा मोडल्या त्या बायकांवर तो अन्यायही आहे.

मग काय, बेडझेडचे रहिवासी आपल्यापेक्षा वरच्या पायरीवर? गंमत पुढेच आहे. 2007 साली तेथे पाहणी झाली. घरे तापविण्याची उष्णता शेजारपाजारच्या वस्तीपेक्षा पुष्कळच कमी लागत होती. भिंतींनी आपले काम चोख केले होते. पण तीच माणसे सुटी लागली की विमानात बसत आणि दूरदूर जात. उंबऱ्याबाहेर त्यांच्यावर भिंतींची सत्ता नव्हती. कामाच्या जागा, दुकाने, रस्ते, इस्पितळे सगळे जुन्याच पद्धतीचे. हिशेब असा निघाला, की साऱ्या जगाने तेथल्या एखाद्या उत्साही रहिवाशाप्रमाणे राहावयाचे ठरविले, तरी एक पृथ्वी पुरत नाही. जवळजवळ पावणेदोन लागतात.

हे वाचून हसणाऱ्यांत मी नाही. घरी दिवे विझवून विमानात बसणारा माणूस ढोंगीच असतो, असे नाही. एकादशीला उपास केला म्हणून द्वादशीला श्रीखंडावर हात मारणारा तरी कोठे ढोंगी असतो? त्याला आपल्या पुण्याची पावती मिळालेली असते आणि ती तो वटवितो. चांगल्या घराचा धोका मला दिसतो तो हा. घर स्वतःच पावती होऊन बसते. ‘मी अमक्या वसाहतीत राहतो,’ असे म्हटले की पुढचा हिशेब देण्याची गरज वाटत नाही.

सक्तीने हे सुटेल, असेही नाही. मुंबईत 2002 पासून मोठ्या भूखंडांवरील नव्या इमारतींना पावसाचे पाणी साठविण्याची व्यवस्था करणे भाग आहे. नियम चांगलाच आहे. पण टाकी नियमाने बांधून घेता येते. तिच्यातला गाळ दरवर्षी काढण्याची इच्छा बांधून घेता येत नाही.

तरीही अशी घरे बांधावीत, असे मी म्हणेन, आणि त्याचे कारण थोडे निराळे आहे. माणसाजवळ सद्गुणाचा साठा फार मोठा नसतो. सकाळी आठची गाडी गाठावयाची, मुलाचा डबा भरावयाचा, आजारी आईचे औषध आणावयाचे, यातच तो बराचसा संपतो. अशा माणसाने दर बटणाशी थबकून पृथ्वीचा विचार करावा, ही अपेक्षा निर्दयपणाची आहे. तेवढा विचार भिंतीने केला तर त्याचा सद्गुण शिल्लक राहील. मग जेथे भिंत पोचत नाही तेथे, विमानाचे तिकीट काढताना, त्याच्याकडे तो मागता येईल. मागता येईल म्हणतो. तो देईलच असे नाही.

त्या वसाहतीचे एक यंत्र मात्र फसले. लाकडाच्या चिपांवर वीज आणि ऊब एकाच वेळी तयार करणारा छोटा कारखाना तेथे बसविला होता. तो सारखा बिघडू लागला, आणि 2005 साली बंद पडला. त्याच्या जागी गॅसचे बंब आले. म्हणजे जे टाळावयाचे तेच दारात आले. टीकाकारांना यात मोठा आनंद झाला.

त्या टीकाकारांनी पाहणीतला आणखी एक आकडा वाचावयास हवा होता. बेडझेडमधला रहिवासी सरासरीने आपल्या वीस शेजाऱ्यांना नावाने ओळखत होता. आसपासच्या वस्तीत हा आकडा आठ होता. मोटारींना वसाहतीच्या कडेला ठेवून मधल्या वाटा पायी चालणाऱ्यांसाठी मोकळ्या राखल्या, आणि येता जाता माणसे एकमेकांना भेटू लागली. शेजाऱ्याचे नाव माहीत असले की त्याची शिडी मागून आणता येते. मग शंभर बिऱ्हाडांना शंभर शिड्या लागत नाहीत. फराळाचे ताट रुमालाने झाकून समोरच्या दारात नेताना आपणही हेच करीत होतो; हल्ली पुष्कळ इमारतींत ते ताट नेणाऱ्याला दारावरची पाटी वाचूनच हाक मारावी लागते, आणि पाटीवर तर नुसता आकडाच असतो.