फायबरची होडी आणि सांगायची गोष्ट

फायबरच्या होडीला तिचं वय तोंडावर दिसत नाही. लाकडाच्या होडीचं तसं नव्हतं. फळी बदलली की नवी फळी शेजारच्या काळ्या फळ्यांत पांढरी उठून दिसायची आणि पुढची दोन-तीन वर्षं अख्ख्या बंदराला ठाऊक असायचं की हिला अमक्या जागी मार बसलाय. सांध्यांत कापूस ठासलेला, वर चंद्रूस, सगळं उघड. (डांबर फासून कुजकं लाकूड झाकणारे तेव्हाही होते, उगाच जुन्या काळाला सोवळं नेसवायला नको. पण त्यांना मेहनत पडायची.) फायबरमध्ये मात्र भेग बुजवली, वर होडीच्याच रंगाचं जेलकोट मारलं, पाणी-कागदानं घासलं की हात फिरवूनही कळत नाही. लपवणं इतकं सोपं झालं, तेव्हा माणसानं काय करायचं, हा प्रश्न मला आमच्या तात्यांनी घातला. तोंडानं नव्हे, होडी विकून.

तात्या म्हणजे माझे धाकटे चुलते. कर्ली खाडीच्या मुखाशी, देवबागला राहतात. गुडघ्यांनी जवाब दिला म्हणून त्यांनी आपली अठरा फुटी होडी विकायला काढली. गिऱ्हाईक यायच्या आधी एक काम उरलं होतं. ओहोटीला होडी खडपावर टेकून बुडाला, नाळेपासून हातभर मागे, मार बसलेला. बाहेरून बघाल तर कोळ्याच्या जाळ्यासारख्या चार बारीक भेगा, बस्स.

अशा भेगा बघून निम्मे लोक लांबी भरतात आणि रंग मारतात. जेलकोट म्हणजे जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं कातडं. ते पाणी आणि ऊन अडवतं, भार घेत नाही. भार घेते आतली काच, रेझिनमध्ये भिजून घट्ट झालेली मॅट. म्हणून आधी बघायचं ते हे, की मार कातड्यापुरता आहे की आत गेलाय. तात्यांनी रुपयाचं नाणं घेतलं आणि भेगांभोवती ठोकत गेले. धड जागी टणटण वाजतं. थर सुटलेले असले की आवाज बद्द येतो. बाहेर दिसत होत्या चार भेगा, बद्द आवाज होता ताटाएवढ्या जागेत. त्यांनी पेन्सिलीनं त्याची कड आखली.

मग ग्राइंडर. हे काम बघायला वाईट वाटतं, कारण छोटीशी भेग दुरुस्त करायला आपण आधी मोठं भगदाड पाडतो. सुटलेली, पांढुरकी पडलेली काच निघेस्तोवर घासायचं. शिवाय कडा सरळ कापायच्या नाहीत, जाडीच्या साधारण बारापट उतार द्यायचा. होडीचं बूड पाच मिलिमीटर जाड असेल तर चहूबाजूंनी सहा सेंटिमीटर. उतार नसेल तर ठिगळ नुसतं कडेला चिकटतं आणि पहिल्या लाटेला सुटतं. काचेची भुकटी अंगाला अशी लागते की रात्र जागून काढावी. तोंडाला मास्क, बाह्या खाली आणि मग गार पाण्यानं आंघोळ. गरम पाणी घेतलं की खाज आत बसते असं तात्या म्हणतात आणि मी त्यांच्याशी वाद घालत नाही.

त्यानंतर गोड्या पाण्यानं मीठ धुतलं आणि पाच दिवस होडी पालथी घालून सुकत ठेवली. माझा चुलतभाऊ, तात्यांचा मुलगा, इथेच कावला. मे संपत आलेला. 1 जूनपासून मासेमारी बंद, त्यानंतर होडी कोण बघायला येणार? पण ओल्या काचेवर रेझिन धरत नाही, आणि पाऊस लागला की हवेतल्या दमटपणानं कामच होत नाही. सुकवायचं तर आत्ताच.

सहाव्या दिवशी सकाळी नवाच्या आत मॅट लावली. शंभर ग्रॅम रेझिनला एक-दोन ग्रॅम हार्डनर. मेच्या उन्हात ते लवकर धरतं, जास्त पडलं तर डब्यातच तापून धूर येतो. ब्रशनं ठोकत मॅट भिजवायची, ती पाण्यासारखी पारदर्शक झाली पाहिजे. जिथं पांढरं राहिलं तिथं हवा राहिली. चार थर बाहेरून, दोन आतून. चुलतभावानं जेलकोटमध्ये रंग असा मिसळला की उन्हानं विटलेला जुना निळा हुबेहूब आला. त्याच्या हातात ती कला आहे. तात्या खूश झाले. होडी बरी दिसायला त्यांची काही हरकत नव्हती. फक्त आतल्या बाजूला, बसायच्या पाटाखाली, त्यांनी ऑइलपेंटनं लिहिलं: मे, पॉलिस्टर, 4 बाहेर 2 आत.

गिऱ्हाईक ठरलं ते खाडीपलीकडचं, पंचविशीतलं पोर. पंचेचाळीस हजारांवर बोलणं आलं. त्याच्या आदल्या रात्री ओटीवर वाद झाला. चुलतभाऊ म्हणाला, "तात्यानू, काम चोख झाला हा. आता तेका कित्याक सांगूक होया?"

त्याचं म्हणणं मी इथं नीट मांडतो, कारण ते लबाडाचं म्हणणं नव्हतं. लांबी भरून फसवलं असतं तर तो पाप म्हणाला असता. पण ती जागा आता आजूबाजूच्या बुडाइतकीच मजबूत होती, बहुधा काकणभर जाडच. त्या पोराला सांगितलं की होडी फुटलेली, तर त्याच्या डोक्यात काय जाणार? ही होडी कच्ची आहे. म्हणजे खरं सांगून त्याच्या मनात खोटंच भरवलं. गप्प राहिलो तर त्याच्या मनात राहील की होडी धड आहे, आणि ती धड आहेच. मग खरं कशात?

मी शिक्षकी पेशातला. वर्गात खरं बोलण्यावर बोलणं सोपं असतं. या प्रश्नावर मला पटकन उत्तर सुचलं नाही. डॉक्टरनं जोडलेलं हाड आपण लग्न ठरवताना सांगतो का? नाही सांगत, आणि कोणी त्याला फसवणूकही म्हणत नाही.

तात्यांचं उत्तर वेगळ्याच बाजूनं आलं. "उद्या तेची होडी परत थयसरच फुटली तर तेना खयचा रेझिन लावचा? तेका कळाक नको?"

यात मोठी गोष्ट आहे, जरा उलगडून सांगतो. दुरुस्तीला पॉलिस्टर वापरतात, तशी इपॉक्सीही वापरतात. जुन्या पॉलिस्टरवर इपॉक्सी छान धरते, पण इपॉक्सीच्या ठिगळावर पॉलिस्टर नीट धरत नाही. म्हणजे पुढच्या माणसाची दुरुस्ती टिकणार की सुटणार, हे आधीच्या माणसानं काय केलं त्यावर आहे. त्याला ते वरून दिसणार नाही. मी तोवर सांगणं म्हणजे होडीत दोष आहे ही कबुली, असं धरून चाललो होतो, चुलतभाऊही तसंच. तात्यांच्या लेखी ती कबुली नव्हतीच. होडीबरोबर वल्हं द्यावं, नांगर द्यावा, तशी ती माहिती होडीची होती. ठेवून घेतली तर आपल्या घरात तिचा उपयोग शून्य, आणि त्याच्याकडे जीव वाचवायच्या कामाची.

हाडाचा दाखला तिथं माझ्यापुरता मोडला. हाड माणसाचं स्वतःचं, पुन्हा मोडलं तर डॉक्टरला सांगायला तो माणूस असतो. होडीला तोंड नाही.

चुलतभाऊ म्हणाला, पाटाखाली लिहिलंय की, वाचेल तो. तात्या म्हणाले, "तेना इचारल्यान नाय म्हणान आपण गप ऱ्हवचा?" आणि कंदील बारीक केला.

दुसऱ्या दिवशी पोर आलं. बरोबर त्याचा मामा. तात्यांनी पैशाचं बोलायच्या आधी त्याला नाळेजवळ नेलं, पाटाखालचं दाखवलं, हातात नाणं दिलं आणि ठोकायला लावलं. मामानं लगेच तोंड वाकडं केलं. चुलतभावाचं भाकीत अक्षरशः खरं ठरलं: फुटलेली होडी म्हणून भाव अडतीस हजारांवर आला. सात हजार. तात्यांच्या महिन्याच्या गोळ्यांचा हिशेब मला माहीत आहे, त्यामुळे हा आकडा लहान होता असं मी म्हणणार नाही. शेजारच्या वाडीत त्याच आठवड्यात लांबी भरलेली होडी पूर्ण भावात गेली, हेही चुलतभावानं जेवताना दोनदा ऐकवलं. तो आजही म्हणतो की मामाला कळलं ते खोटंच कळलं, आणि त्या मुद्द्यावर तो हरलेला नाही.

पोरानं मात्र मामा पैसे मोजत असताना एक विचारलं, रेझिन कुठल्या दुकानातलं. तात्यांनी मालवणातलं दुकान सांगितलं, उरलेला अर्धा डबा आणि मॅटचा तुकडा त्याच्या होडीत ठेवला. हार्डनरची बाटली वेगळ्या पिशवीत बांधून दिली, आणि ती उन्हात ठेवू नको म्हणून बजावलं.