इंद्रायणीत कोणती खतं बुडाली?



आजचं चिंतन तुकोबांच्या चरित्रातल्या एका प्रसंगावर. तुकोबांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, हे आपण लहानपणापासून ऐकतोय. क्रेडिट कार्डाच्या बिलाखाली दबलेला माणूस हे ऐकतो तेव्हा त्याच्या मनात हळूच येतं, आपलंही स्टेटमेंट असंच बुडवता आलं तर!

पण ती खतं कोणती होती? लोक ज्यांचे पैसे देणं लागत होते ते सावकार तुकोबाच. म्हणजे त्यांनी बुडवलं ते स्वतःचं येणं. चरित्रकार तर सांगतात, धाकटे भाऊ कान्होबा यांच्या वाट्याची अर्धी खतं त्यांनी भावाला देऊन टाकली आणि फक्त आपली बुडवली. भावाच्या पैशावरसुद्धा ते उदार झाले नाहीत. बँकेचा पैसाही शेवटी कोणाच्या तरी ठेवीचाच असतो ना?

मग फेडणं जमतच नसेल तर? दिवाळं निघणं पाप आहे का? मला तसं वाटत नाही. १६३० च्या सुमारास पडलेल्या दुष्काळात तुकोबांचंही दिवाळं निघालं, पत्नी अन्नावाचून गेली. हे त्यांनी स्वतःच्या अभंगात सांगितलंय. लाज वाटली, तीही सांगितली.

आपण मात्र लपवतो. घरी सांगायला नको म्हणून ‘मिनिमम ड्यू’ भरत राहतो. (काय गोड शब्द शोधलाय!) हिशोब करून बघा. थकबाकी १,००,००० रुपये, व्याज महिना ३.५ टक्के, म्हणजे ३,५००. त्यावर १८ टक्के जीएसटी, ६३०. तुम्ही ५,००० भरलेत, तर मुद्दल कमी झालं फक्त ८७० रुपयांनी! मग एका कार्डाचं भरायला दुसरं कार्ड येतं.

खरंच झेपत नसेल तर वसुलीवाल्यांचा फोन यायच्या आधी आपणच बँकेत जावं, हप्ते बांधून मागावेत. तेही अशक्य असेल तर सेटलमेंट. त्याची नोंद क्रेडिट रिपोर्टवर राहते, राहू दे. पण पगार चालू, गोव्याचं बुकिंग झालेलं, आणि सेटलमेंटमध्ये किती सुटेल याची चौकशी, ही सरळ लबाडी आहे.

आणि हो, तुमच्याकडून कोणी मित्राने पैसे नेले असतील, त्याची नोकरी गेली असेल, तो तुम्हाला टाळत असेल, तर ते खत तुमचं आहे. त्याला आजच फोन करता येईल.

राम कृष्ण हरी.