हलव्यावरचा हक्क

नव्याचा सण, म्हणजे ज्यूंचं नवं वर्ष, जवळ आला की आमच्या नात्यात एक प्रश्न ठरलेला असतो. जी रोजा धरत नाही, शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचे दिवे लावत नाही, सिनेगॉगमध्ये जी लग्नापुरतीच दिसते, तिनं चिकाचा हलवा कोणत्या तोंडानं खायचा? प्रश्न माझ्याबद्दल असतो. विचारणाऱ्या मावशींच्या मनात खोट नसते. त्या मनापासून पाळतात, माझं मन देव मानत नाही. त्यांच्या प्रश्नाला हसून टाळणं मला बरं वाटत नाही.

आम्ही बेने इस्राएल. पूर्वजांचं गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला फुटलं, असं आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. वाचलेले लोक कोकणात राहिले, तेलाचे घाणे चालवू लागले, शनिवारी घाणा बंद ठेवू लागले. गावानं त्यांना शनिवार तेली म्हटलं. पुढे शतकं गेली. हिब्रू गेली, पोथ्या नव्हत्याच, प्रार्थनेतली ‘शेमा’ तेवढी ओठांवर राहिली. पण मुलांची सुंता चुकली नाही, आणि खवले-पर नसलेला मासा चुलीवर चढला नाही. हाईम सॅम्युअल केहिमकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस समाजाचा इतिहास लिहिला. त्यात जुन्या सणांची जी नावं आली आहेत, त्यांत खिरीचा सण आहे, बिरड्याचा रोजा आहे. जेरुसलेमचं मंदिर पाडलं गेलं त्या दिवसाच्या शोकाच्या उपासाला हा समाज भात आणि वालाचं बिरडं रांधत होता. कुठलं मंदिर, केव्हा पडलं, हे सांगणारा ग्रंथ हाताशी नसतानाही ते बिरडं दर वर्षी शिजत होतं.

म्हणून ‘नुसतं खाणं’ हे शब्द मला पटत नाहीत. आमच्या बाबतीत तरी धर्म टिकवला तो स्वयंपाकघरानं, आणि त्या स्वयंपाकघरात राबणाऱ्या बायकांनी. त्यातल्या प्रत्येकीची श्रद्धा किती खोल होती, हे कोणी मोजलं नव्हतं.

मोजायला निघालेली माणसं आम्हाला पुढे भेटली. १९४८नंतर आमच्यातले बहुतेक जण इस्रायलला गेले. तिथे १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला मुख्य धर्मपीठानं त्यांच्या लग्नांच्या वेळी शंका काढली: तुम्ही पुरते ज्यू कशावरून? पिढ्यांचे पुरावे मागितले गेले. शनिवारचा घाणा बंद ठेवणाऱ्यांच्या नातवंडांना जेरुसलेमच्या रस्त्यावर बसून निदर्शनं करावी लागली. १९६४मध्ये संसदेनं त्यांच्या बाजूनं ठराव केला, मग ते प्रकरण मिटलं. एवढा अपमान सोसलेल्या समाजानं आपल्याच मुलांना चाळणी लावू नये, असं मला तळमळीनं वाटतं.

तरीही मावशींच्या प्रश्नात खरा भाग आहे. श्रद्धा नाही म्हणून ताटावरून उठवू नका, हे मी म्हणू शकते. पण फुकट बसवा, हे म्हणू शकत नाही.

चिकाचा हलवा कसा होतो ते ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल. गहू दोन-तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं. मग वाटून, फडक्यातून पिळून चीक काढायचा. तो रात्रभर बसू द्यायचा आणि सकाळी वरचं आंबूस पाणी अलगद ओतून टाकायचं. नारळ खवून त्याचं दाट दूध काढायचं. हे सगळं साखरेबरोबर मोठ्या पातेल्यात मंद आचेवर चढवलं की खरी कसोटी सुरू होते. हात थांबला की तळाला लागतं. आधी पातळ खळीसारखा असणारा चीक हळूहळू जड होतो, उलथनं ओढून धरू लागतो, खांदे भरून येतात. मिश्रण कडा सोडून गोळा होईपर्यंत ढवळणं एकट्याचं काम नव्हे, म्हणून घरातले सगळे पाळीपाळीनं ढवळतात. मग ताटात थापून वर बदाम-पिस्ते आणि वड्या. हल्ली तयार सत्त्व मिळतं, पहिले दोन दिवस वाचतात. ढवळणं मात्र कोणी वाचवलेलं नाही.

या पाळीत जो उभा राहतो, त्याला मी हलव्याचा हक्कदार मानते. तो प्रार्थना म्हणतो की नाही, हा त्याचा प्रश्न. आणि जो सणाला बायका राबत असताना बाहेरच्या खोलीत बसतो आणि वडी मात्र पहिली उचलतो, त्याच्याशी माझं भांडण आहे, मग तो पाळणारा असो वा नसो.

फारसं न पाळता सणाच्या पंगतीत बसणं आमच्यापुरतंच नाही. अमेरिकेत प्यू संशोधन केंद्राच्या २०२०च्या पाहणीत दहातल्या सुमारे सहा ज्यूंनी पेसाहच्या सेडरला, त्या सणाच्या विधिपूर्वक जेवणाला, बसल्याचं सांगितलं. महिन्यातून एकदा तरी सिनेगॉगमध्ये जाणारे दहात दोनच होते. सेडरला जी पोथी वाचतात, तिच्यात चार मुलगे येतात. त्यातला एक उद्धटपणे विचारतो, तुम्ही हे सगळं कशासाठी करता? त्याला खडसावलेलं आहे. पण तो जेवणाच्या पंगतीतच बसलेला आहे, आणि पोथी रचणाऱ्यांनी त्याला वगळून तीनच मुलगे ठेवले नाहीत.

माझ्यापुरत्या मी दोन मर्यादा पाळते. किप्पूरचा, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाचा, उपास मी करत नाही, म्हणून उपास सोडण्याच्या वेळी मी पंगतीत बसत नाही, वाढते. दिवसभर पाणीही न घेतलेल्या माणसाच्या हातात मनुकांच्या सरबताचा पेला जातो, तेव्हा त्या पहिल्या घोटावर माझा काही हक्क पोचत नाही. हलव्याचं तसं नाही, मलिद्याचं तर मुळीच नाही. भिजवलेले पोहे, खोबरं, गूळ-साखर, वेलची, भोवती फळं मांडून प्रेषित एलियाहू हनाबीच्या नावानं केलेला मलिदा शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही जातो. तिथे कोणी कोणाला काय मानतोस ते विचारत नाही.

दुसरी मर्यादा दुधाची. मांसाबरोबर दूध नाही, हा कोशेरचा नियम. मटणाच्या जेवणावर गोड खाता यावं म्हणून आमच्या हलव्यात नारळाचंच दूध पडतं. मी स्वतः हा नियम पाळत नाही. गाईचं दूध घालून हलवा लवकर होतो आणि चवीला वाईट लागत नाही, हेही मला ठाऊक आहे. पण मावशींकडे जाणारं ताट मी त्यांच्या नियमानंच करते, त्यासाठी वेगळं ठेवलेलं पातेलं काढते, आणि कधी नारळ कमी पडून दुसरं काही घातलं तर ते ताट त्यांच्याकडे पाठवतच नाही. त्यांना चवीवरून कळलं नसतं.