दामदुपट आणि हप्त्यांचा तक्ता

मुद्दलाइतके व्याज साचले की पुढचे व्याज थांबते, हा दामदुपटीचा नियम. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायानुसार एकाच वेळी वसूल करायची रक्कम व्याजासह दुपटीपलीकडे जाऊ नये. धान्यासाठी ही मर्यादा पाच पट. इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यातील न्यायालयेही हिंदू ऋणकोंना हा नियम लावीत. ऋण फेडणे हा ऋणकोचा धर्म खरा, पण फिटणारच नाही इतके ऋण वाढू देणे हा धनकोचा अधर्म, ही त्यामागची दृष्टी.

व्याज न थांबता साचत गेले तर काय होते, हे हैदराबादेत दिसले. तिथला सुलतान बाजार, म्हणजे जुना रेसिडेन्सी बाजार, इंग्रज रेसिडेंटच्या छत्राखाली वाढला. त्याच आश्रयाने विल्यम पामर आणि कंपनीच्या पेढीने निजाम सरकारला सुमारे 24 टक्क्यांनी कर्जे दिली. थकबाकी इतकी फुगली, की ती फेडण्यासाठी 1823 मध्ये उत्तर सरकार या किनारी मुलखाबद्दल ईस्ट इंडिया कंपनीकडून निजामाला मिळणारी वर्षाला 7 लाखांची पेशकश, म्हणजे खंडणी, कायमची सोडून द्यावी लागली. साचत जाणारे व्याज राज्यालाही झेपत नाही.

याउलट मासिक हप्त्यात व्याज साचतच नाही. 10 लाखांचे कर्ज, 9 टक्के दर, 20 वर्षे मुदत घेऊन एक्सेलमध्ये तक्ता मांडला, तर महिन्याचा दर 0.75 टक्के आणि हप्ते 240. पीएमटी हे सूत्र हप्ता 8,997.26 रुपये काढते. पहिल्या ओळीत व्याज 7,500 आणि मुद्दलात जमा फक्त 1,497.26. उरलेली शिल्लक पुढच्या ओळीची सुरुवात होते. मुद्दलाचा वाटा व्याजाहून मोठा व्हायला 149 वा हप्ता उजाडतो, म्हणजे तेरावे वर्ष. व्याजाच्या रकान्याची बेरीज 11,59,342 रुपये, मुद्दलाहून जास्त.

मग दामदुपट मोडली का? शब्दाने नाही. नियम थकून साचलेल्या व्याजाला आहे, वेळच्या वेळी दिलेल्या व्याजाला नाही; शिवाय धनकोचा पैसाही वीस वर्षे अडकून राहतो, त्याचे मोल मागणे अन्याय नव्हे. पण नियमाच्या गाभ्यात ऋणकोची कणव आहे, आणि नुसता हप्ता सांगून ही बेरीज त्याच्यापुढे न मांडणे त्या कणवेशी विसंगत आहे. सही करण्याआधी ऋणकोने हा तक्ता स्वतः, ओळ न् ओळ, पाहिलाच पाहिजे.

शेवटच्या ओळीकडे विशेष लक्ष हवे. ऋण, अग्नी आणि शत्रू यांचा शेष ठेवू नये, तो पुन्हा वाढतो, असे जुने नीतिवचन आहे. वरचा हप्ता पैसे सोडून 8,997 धरला, तर 240 हप्त्यांनंतरही सुमारे 173 रुपये शिल्लक दिसतात. दरमहा सुटलेल्या 26 पैशांवर वीस वर्षे व्याज चढलेले असते. म्हणून शेवटच्या ओळीत ठरलेला हप्ता न घालता, मागची शिल्लक अधिक त्या महिन्याचे व्याज असे सूत्र घालतात. तो हप्ता 9,170 रुपयांच्या आसपास येतो आणि शिल्लक शून्य होते.