व्याज कोणाचं?

निवृत्तीनंतरच्या कराबद्दल आपल्याकडे जे लिहिलं-बोललं जातं, ते बहुतेक ‘पैसे कुठे ठेवावेत’ या एकाच प्रश्नाभोवती फिरतं. नोकरीत असताना फेब्रुवारी-मार्चात एलआयसीच्या पावत्या आणि पीपीएफचं पासबुक घेऊन अकाउंट्सवाल्यांकडे धावायची सवय लागलेली असते. साठीनंतरही ती सुटत नाही. नव्या करप्रणालीत त्या पावत्यांना किंमत उरलेली नाही. ८०सी गेलं, ८०डी गेलं, ज्येष्ठांना व्याजावर मिळणारी ५०,००० रुपयांची वजावटही गेली. साठ आणि ऐंशी वर्षांच्या वयाच्या सवलती फक्त जुन्या प्रणालीत शिल्लक आहेत. आता निवृत्तांच्या घरात पैसा कुठे ठेवला यापेक्षा तो कोणाच्या नावाने येतो, यावर कर ठरतो. आणि आपला आयकर कायदा नेमका इथे अडतो, कारण त्याला नवरा कळतो, बायको कळते, पण दोघांचं मिळून एक घर असतं हे कळत नाही.

हिशेबच मांडू. सिंधुदुर्गातल्या बांद्याचं एक काल्पनिक जोडपं घ्या. ते बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले, बाईंनी आयुष्यभर घर सांभाळलेलं. पेन्शन वर्षाला ७,७५,०००. डोंबिवलीचा फ्लॅट विकून गावी आलेले. ते पैसे आणि पीएफ-ग्रॅच्युइटी मिळून एफडीत आणि सीनियर सिटिझन स्कीममध्ये. व्याज ८ लाख, सगळं नवऱ्याच्या नावावर. पेन्शनमधून ७५,०००ची प्रमाणित वजावट गेली की उत्पन्न भरतं १५ लाख. २०२५च्या अर्थसंकल्पाने ठरवलेल्या दरांनी पहिले ४ लाख मोकळे, पुढच्या चारांवर ५ टक्के, त्यापुढच्या चारांवर १० आणि उरलेल्या तीनांवर १५. एकूण १,०५,०००, ४ टक्के उपकर धरून १,०९,२००. बाईंच्या पॅनवर उत्पन्न शून्य.

आता हमरस्त्याने पत्रादेवीचा नाका ओलांडून पेडणे तालुक्यात जाऊ. तेवढीच पेन्शन, तेवढंच व्याज, फक्त जोडपं गोव्याच्या नागरी कायद्याखालचं. १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा तो वारसा. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर मालमत्ता दोघांची समाईक. आयकर कायद्याने ही वस्तुस्थिती मान्य केली आहे. १९६१च्या कायद्यात १९९४ साली ५ए हे कलम घातलं गेलं आणि तेही १९६३पासून लागू धरून. त्यानुसार पगार सोडून बाकीचं उत्पन्न नवरा-बायकोंत निम्मं-निम्मं वाटलं जातं. पेन्शन पगारात मोडते, म्हणून ती नवऱ्याचीच. व्याज मात्र दोघांना ४-४ लाख. नवऱ्याचं उत्पन्न झालं ११ लाख. १२ लाखांच्या आत असल्यामुळे रिबेट मिळून त्यांना कर नाही. बायकोच्या ४ लाखांवर तर तो मुळातच नाही.

बांद्यात १,०९,२००, पेडण्यात काहीच नाही. (पेडण्यात भाड्याने खोली घेऊन हे साधत नाही, हे सांगून ठेवलेलं बरं. प्रश्न कुठे राहता याचा नाही, कोणत्या कायद्याने संसार बांधला गेला याचा आहे.)

मग बांद्याच्या गृहस्थांनी निम्मे पैसे बायकोला देऊन टाकावेत की! देता येतात. त्या देण्यावर करही नाही. पण त्या पैशांवरचं व्याज कायदा पुन्हा नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवतो. सीएंच्या भाषेत ते ‘क्लब’ होतं. १९६१च्या कायद्यातलं कलम ६४. याची मुळं १९३७च्या दुरुस्तीत आहेत. त्या काळी पेढीवाले बायकोला आणि अज्ञान मुलांना कागदोपत्री भागीदार करून नफा वाटून टाकत. त्या पळवाटेला घातलेली ही पाचर. सर्वोच्च न्यायालयानेही १९६१ साली ती वैध ठरवली. तेव्हाच्या पेढ्यांसाठी ती योग्यच होती. पण आज तिच्या कचाट्यात सापडतो तो पीएफचे पैसे निम्मे बायकोच्या नावावर करू पाहणारा पेन्शनर.

या कलमातले अपवाद वाचण्यासारखे आहेत. सज्ञान मुलाला पैसे दिले तर व्याज मुलाचं, क्लब होत नाही. सुनेला दिले तर होतं. बायकोला दिले तर होतं, पण विभक्त राहण्याच्या कराराच्या निमित्ताने दिले असतील तर होत नाही! आणि नवरा वारला की क्लबिंग संपतं. म्हणजे नवऱ्याने दिलेल्या पैशांवरचं व्याज बायकोचं आहे हे कायदा मानतो ते दोन प्रसंगी: तिने वेगळं राहायचं ठरवलं तर, किंवा ती विधवा झाली तर. चाळीस वर्षं एकत्र नांदणं ही त्याच्या लेखी संशयाची बाब.

घराघरांतून यावर काढलेला तोडगा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कोणत्याही बँकेत दिसतो. काउंटरवर टीडीएस न कापण्यासाठीच्या फॉर्मचे (मार्च २०२६पर्यंतचा ‘पंधरा-एच’) गठ्ठे आणि चष्मे पुसत सह्या करणारी ज्येष्ठ मंडळी. बरेचदा एफडी नवऱ्याच्या पैशांची असते, पण पहिलं नाव बायकोचं. तिच्या पॅनवर दुसरं उत्पन्न नाही, म्हणून टीडीएस कापू नका असं ती लिहून देते. बँकही पैसा मुळात कोणाचा हे विचारत नाही. पहिलं नाव बदललं की व्याजाचा मालक बदलतो, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. ती चुकीची आहे. बँक कोणाच्या पॅनवर टीडीएस दाखवते हा सोयीचा भाग झाला, उत्पन्न ज्याचा पैसा त्याचं. नोटीस क्वचित येते, म्हणून सगळे निर्धास्त. याला करनियोजन म्हणायची माझी तयारी नाही.

कायद्यात बसणाऱ्या वाटा आहेत, पण त्या धीम्या आहेत. नवऱ्याने बायकोच्या नावाने सीनियर सिटिझन स्कीममध्ये ३० लाख ठेवले, तर ८.२ टक्के दराने दर तिमाहीला ६१,५०० तिच्या बचत खात्यात जमा होतात. हे व्याज नवऱ्याच्या रिटर्नमध्येच दाखवायचं. पण त्या ६१,५००ची तिने वेगळी एफडी केली, तर तिच्यावरचं व्याज तिचं स्वतःचं. त्यासाठी तिचं वेगळं खातं हवं, मूळ रकमेची सरमिसळ नको आणि साध्या वहीत का होईना नोंद हवी. बायकोच्या पीपीएफमध्ये भरलेल्या पैशांवरचं व्याज करमुक्तच असल्यामुळे ते क्लब होऊनही बिघडत नाही. तिला माहेरून मिळालेलं, तिने शिकवण्या घेऊन साठवलेलं, हे तर तिचंच. फक्त ते नवऱ्याच्या एफडीत बुडालेलं नसावं. हे सारं पस्तिशीत सुरू केलं तर साठीला उपयोगी पडतं. ग्रॅच्युइटीचा चेक हातात आल्यावर हाती फारसं काही राहत नाही.

नवरा-बायकोचं एकत्र रिटर्न असावं, ही मागणी आपल्याकडेही अधूनमधून होते. एकत्र रिटर्नमध्ये उत्पन्न निम्मं-निम्मं धरण्याची सोय अमेरिकेत १९४८पासून आहे, जर्मनीत १९५८पासून. ब्रिटनने उलट १९९०मध्ये बायकोचं उत्पन्न नवऱ्याच्या हिशेबातून सोडवून वेगळं केलं, आणि त्यामागे कारण होतं. एकत्र हिशेबात नवऱ्याच्या पगाराने वरचा टप्पा गाठलेला असतो, त्यामुळे नोकरी धरणाऱ्या बायकोच्या पहिल्या रुपयालाच चढा दर लागतो. तिने घरीच राहावं यासाठी ते जणू उत्तेजनच. म्हणून तरुण जोडप्यांसाठी मी या मागणीच्या बाजूचा नाही. पण सत्तरीच्या बाई काही नोकरीला निघालेल्या नसतात. तिथे हा आक्षेप गळून पडतो. दोघंही साठीच्या पुढे असतील, तर एकमेकांना दिलेल्या ठेवींच्या व्याजाला क्लबिंगमधून वगळावं, एवढी मर्यादित सूट द्यायला काय हरकत आहे? १ एप्रिल २०२६पासून नवा आयकर कायदा आला, ‘आकारणी वर्ष’ जाऊन सुटसुटीत ‘कर वर्ष’ आलं, भाषा सोपी झाली. क्लबिंगचं तत्त्व मात्र तसंच पुढे आलं.

तिजोरीला याची झळ फारशी बसू नये. व्याज-पेन्शन मिळून १२ लाखांच्या आत असलेल्यांना आजही कर नाही. सूट लागते ती त्यावरच्या थरातल्या निवृत्तांना. पण ती मागणाऱ्या नवऱ्यांना एक प्रश्न विचारायला हवा. गोव्यात निम्मं व्याज बायकोच्या पॅनवर जातं, कारण तिथे निम्मी मालमत्ता खरोखर तिची असते. तिच्या संमतीशिवाय नवऱ्याला घर विकता येत नाही. बांद्याच्या बाईंच्या नावावर ५० लाखांची एफडी झाली आणि उद्या त्यांनी ती मोडून १० लाख आपल्या भाचीच्या शिक्षणाला दिले, तर चालेल का? की सही त्यांची आणि पासबुक यांच्या कपाटात, असंच राहणार? दुसरा प्रकार असेल, तर १९३७ साली घातलेली पाचर अजून काढायची वेळ आलेली नाही.