पावसातील सामने आणि वडिलांचे दायित्व

मृगाच्या सरी बोरघाट चढून लोणावळ्यास आल्या म्हणजे मुलांचे खेळ बंद पडतात असे जो म्हणेल त्याने मावळ पाहिलेला नाही. भातलावणी आटोपली की आंदर मावळ, नाणे मावळ व पवन मावळ या तिन्ही खोऱ्यांत चिखलातला फुटबॉल रंगू लागतो. शासनाच्या शालेय स्पर्धांतील तालुक्याचे सामने तर बहुधा ऑगस्ट-सप्टेंबरातच होतात. त्यामुळे कबड्डी, खो-खो व फुटबॉल यांचे संघ पावसाळ्यातच गावोगाव प्रवास करितात. अशा वेळी आईबापांच्या, शिक्षकांच्या व मंडळीतील वडिलांच्या मनात एक प्रश्न उभा राहतो : वाईट हवेत मुलांना खेळू द्यावे की नाही? वरवर पाहता हा सर्दीपडशाचा प्रश्न दिसतो. परंतु विचारांती तो नीतीचा प्रश्न आहे असे आढळून येईल. लेकरांच्या धैर्यावर वडीलधाऱ्यांचा हक्क किती, हा तो प्रश्न होय.

प्रथम हवेविषयी. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या अगदी कडेला वसलेले आहे, व तेथे वर्षाकाठी सरासरी चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. पूर्वेस सुमारे तीस किलोमीटरांवर असलेल्या तळेगावास त्याच्या निम्माही पडत नाही. म्हणजे एकाच तालुक्यात एका गावचे मैदान खेळण्याजोगे व दुसऱ्या गावचे पाण्याखाली, असे पुष्कळदा घडते. कोरड्या हवेची वाट पाहत बसावयाचे ठरविले तर लोणावळ्याच्या मुलाने चार महिने खेळूच नये असे होईल.

शिवाय काही खेळांना पाऊसच मानवतो. रग्बी हा त्यांपैकी एक. अंडाकृती चेंडू हातात घेऊन धावावयाचे, व प्रतिपक्षाने धावणाऱ्यास धरून भुईवर पाडावयाचे, असा हा खेळ आहे. आपल्या कबड्डीतील पकडीशी त्याचे जवळचे नाते आहे. उन्हाने दगडासारख्या झालेल्या जमिनीवर असे पडणे हाडांस घातक, म्हणून मुंबईत हा खेळ पूर्वापार पावसाळ्यात ओल्या हिरवळीवर खेळला जातो. १८७५ साली स्थापन झालेला बॉम्बे जिमखाना हे त्याचे जुने घर. तेथे खेळणाऱ्या मॅथ्यू स्पेसी यांनी समोरच्या रस्त्यावरील गरीब मुलांना आपल्या खेळात घेतले, व त्यातूनच १९९९ साली ‘मॅजिक बस’ ही संस्था उभी राहिली. २०१८ साली भारतीय महिलांचा पंधरा जणींचा संघ प्रथमच आंतरराष्ट्रीय सामन्यांत उतरला, तेव्हा त्याचे नेतृत्व पुण्याच्या वाहबिज भरूचा यांनी केले. तेव्हा पाऊस व चिखल हे मुलांचे किंवा मुलींचे वैरी आहेत असे सरसकट म्हणता येणार नाही.

या प्रश्नाविषयी आपल्या गावांत दोन मते आढळतात. पहिल्या मताचे लोक म्हणतात की पावसापाण्यात खेळल्यानेच शरीर काटक व मन खंबीर होते. हे मत जुने आहे. इंग्लंडातील रग्बी गावच्या शाळेवरून या खेळास नाव मिळाले; त्याच शाळेतील जीवन टॉमस ह्यूज यांनी १८५७ साली ‘टॉम ब्राउन्स स्कूल डेज’ या कादंबरीत रंगविले. सुदृढ देह हे ईश्वरसेवेचे साधन होय, ही कल्पना त्या पिढीत रुजली, व मिशनच्या शाळांबरोबर आपल्या देशातही आली. तीत तथ्य आहे. गार पावसात पडणे व पुन्हा उठणे, ज्याने पाडले त्याच्याविषयी राग न धरणे, आणि सामना संपल्यावर चिखलाने माखलेला तोच हात त्याच्या हाती देणे, हे शिक्षण पुस्तकातून मिळत नाही.

दुसऱ्या मताचे लोक म्हणतात की लेकरू आजारी पडेल, हातपाय मोडेल. त्यास घरी बसवावे. या भीतीमागे प्रेम आहे, म्हणून तिचा उपहास करू नये. परंतु एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हीच माणसे त्याच मुलास त्याच पावसात इरले किंवा प्लास्टिकचा कागद पांघरवून खाचरात लावणीस नेतात, आणि त्या वेळी हवा वाईट आहे असे कोणी म्हणत नाही. मावळचा इंद्रायणी तांदूळ ताटात येतो तो कोणाची तरी कंबर पावसात वाकल्यावाचून येत नाही.

मग खाचरातील पाऊस व मैदानावरील पाऊस यांत भेद कोणता? भेद गरजेचा आहे. रोप हाती आले म्हणजे लावणी खोळंबून चालत नाही; वर्षाचे अन्न तीवर अवलंबून असते. आम्ही मावळ्यांचे वंशज, आम्हांस पावसाचे काय भय, असे अभिमानाने सांगणारे पुष्कळ आहेत. १६६० च्या जुलैत पन्हाळ्याहून विशाळगडाकडे बाजीप्रभू व बांदलांची माणसे रात्रीच्या पावसात धावली हे खरे. पण त्यांच्या पाठीशी शत्रू होता व त्यांच्या हाती राजाचा जीव होता. पाऊस सोसण्याची हौस म्हणून ती निघाली नव्हती. गरजेने पत्करलेले संकट व शोभेसाठी पत्करलेले संकट ही एका तागडीत घालू नयेत.

खेळाला अशी निकड नाही. आज राहिलेला सामना उद्या खेळता येतो, आणि उद्याही न झाला तरी कोणाची चूल विझत नाही. खेळात मूल निर्धास्तपणे झुंजते ते याच कारणाने. पण म्हणूनच, जो वडील धोका दिसत असता खेळ थांबवीत नाही, त्यास ‘वेळच तशी होती’ ही शेतकऱ्याची किंवा शिपायाची सबब सांगता येत नाही.

कोणी म्हणेल, मुलेच खेळावयास उतावीळ असतात, त्यांना कोण आवरणार? होय, असतात. परंतु पंधरा वर्षांच्या मुलास भर सामन्यात ‘पुरे’ असे म्हणता येते काय? सोबत्यांत भित्रा ठरण्याचे भय, संघातून वगळले जाण्याचे भय, गुरुजींची आज्ञा, आणि कडेला ओरडणारा गाव, इतक्यांच्या विरुद्ध त्यास एकट्याने उभे राहावे लागेल. दात वाजत असता ‘काही होत नाही, सर’ असे जे मूल म्हणते ते खोटे बोलत नसते. थांबणे म्हणजे हरणे असे त्यास मनापासून वाटत असते. त्याचे धैर्य खरे आहे. म्हणूनच ते वडिलांच्या हाती दिलेली ठेव आहे, आणि ठेवीवर कोणी व्यापार करू नये.

या ठिकाणी दावीद राजाची गोष्ट आठवते. बेथलेहेमच्या वेशीजवळील विहिरीचे पाणी मिळावे अशी इच्छा त्याच्या तोंडून सहज निघाली, आणि तीन वीर पलिष्ट्यांच्या छावणीतून वाट काढून ते पाणी घेऊन आले. त्यांना कोणी धाडिले नव्हते. ते आपखुशीने गेले होते. तरी दावीद ते पाणी प्याला नाही. ज्यांनी आपला जीव धोक्यात घातला त्यांचे ते रक्त आहे असे समजून त्याने ते प्रभूपुढे ओतून टाकिले. वीरांनी शौर्य केले म्हणून त्याचे फळ आपण खुशाल भोगावे, असे त्या राजास वाटले नाही. शाळेच्या कपाटात एखादी ढाल ठेवण्यापूर्वी ती कोणाच्या जिवाची जोखीम घेऊन आली, हे आपणही विचारले पाहिजे.

सामना थांबविला जात नाही याची कारणे बहुधा मुलांकडची नसतातच. टेम्पोचे भाडे दिलेले असते, मंडप घातलेला असतो, पाहुणे येऊन बसलेले असतात, व पुढची तारीख मिळण्याजोगी नसते. मोठ्या देशांतही हेच घडते. १४ जून १९७५ रोजी ऑकलंड येथे न्यूझीलंड व स्कॉटलंड यांचा रग्बीचा सामना अक्षरशः तळ्यात झाला. पाहुण्या संघाच्या दौऱ्यातील तो शेवटचा सामना होता, पुढे ढकलावयास दिवस उरला नव्हता, म्हणून तो खेळविला गेला. न्यूझीलंडने तो २४-० असा जिंकला. ते खेळाडू प्रौढ होते, आपले बरेवाईट जाणत होते. पण निर्णय मैदान पाहून झाला नाही, परतीचा दिवस पाहून झाला. पौलाच्या सागरप्रवासातही असेच झाले. हंगाम उलटला आहे, पुढे जाऊ नये, असे त्याने क्रेत बेटाजवळ बजाविले. शताधिपतीने मात्र तांडेलाचे व तारवाच्या धन्याचे ऐकिले, आणि तारू फुटले.

तर मग थांबावे केव्हा? चार गोष्टी प्रत्येक शिक्षकाने व पालकाने जाणून असाव्या.

पहिली वीज. आषाढ-श्रावणाच्या संततधारेत मावळात विजा त्या मानाने कमी. वळवाच्या पावसात व सप्टेंबरअखेरच्या परतीच्या पावसात त्या अधिक, आणि त्या बहुधा दुपारनंतर. वीज दिसताच अंक मोजावे. गडगडाटास एक किलोमीटर यावयास सुमारे तीन सेकंद लागतात. तो तीस सेकंदांच्या आत ऐकू आला तर वीज दहा किलोमीटरांच्या आत आहे असे समजून खेळ तत्काळ बंद करावा, व शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटे मैदानात पाऊल टाकू नये. आसरा पक्क्या इमारतीत किंवा बंद मोटारीत घ्यावा, झाडाखाली कदापि नाही. २०२४ च्या ऑगस्टात झारखंडातील सिमडेगा जिल्ह्यात हॉकीसाठी जमलेले तीन तरुण वीज पडून दगावले. पावसापासून बचाव म्हणून ते झाडाखाली उभे होते.

दुसरी गोष्ट गारठा. २२ मे २०२१ रोजी चीनच्या कान्सू प्रांतात डोंगरातील शंभर किलोमीटरांच्या शर्यतीत १७२ धावकांपैकी २१ जण पाऊस, गारा व सोसाट्याचा वारा यांत गारठून मेले. अंगावर तोकडे कपडे असलेल्या सहा जणांना एका मेंढपाळाने आपल्या गुहेत आणून वाचविले. आपली हवा इतकी कठोर नाही, परंतु भिजलेले कपडे व वारा यांचा मेळ घाटमाथ्यावरही वाईटच. धावणाऱ्यापेक्षा कडेला बसलेला राखीव खेळाडू आधी गारठतो. मुलाचे शब्द अडखळू लागले, हातात चेंडू राहीना, तर त्यास बाहेर घ्यावे, ओले कपडे काढून घोंगडी पांघरावी व ऊन चहा द्यावा. थरथर थांबून मूल गप्प झाले तर बरे वाटले असे समजू नये. ते अधिक भयाचे लक्षण आहे.

तिसरी गोष्ट जमीन. रग्बीत दोन्ही संघ खांद्यास खांदा भिडवून रेटतात. निसरड्या जागी ती जुडी कोसळली तर मानेस इजा होते. म्हणून एकोणीस वर्षांखालील सामन्यांत दीड मीटरहून अधिक रेटण्यास नियमानेच मनाई आहे. कबड्डीत पाय चिखलात रुतला असता अंगावर पकड पडली की गुडघा पिळतो. साचलेल्या पाण्याखाली दगड, काच काय आहे ते दिसत नाही; आणि खरचटलेल्या त्वचेतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू शिरतात, म्हणून खेळानंतर जखमा साबणाने धुवाव्या व पुढील दिवसांत ताप आल्यास डॉक्टरांस दाखवावे.

चौथी, व मावळात सर्वांत मोठी, गोष्ट घराकडील वाटेची. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाजवळील धबधब्यात अकस्मात वाढलेल्या लोंढ्याने एका कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यांत मुले होती. १५ जून २०२५ रोजी कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल गर्दीच्या भाराने कोसळून चार जण मरण पावले. ही सामन्याची दुर्घटना नव्हे, सहलीची होय. पण ओढा मुलास विचारीत नाही की तू सहलीस आलास की सामन्यास. मैदानावर उघडीप असली तरी वर डोंगरात पडलेला पाऊस ओढ्यात मागाहून उतरतो. तेव्हा शेवटचे मूल आपल्या उंबऱ्यात पोहोचेपर्यंत सामना संपला असे कोणी समजू नये.

इतके ऐकून कोणी खेळच बंद करावे असे म्हणेल तर तो आमचा अभिप्राय नव्हे. एरिक लिडेल हे १९२२ व १९२३ साली स्कॉटलंडकडून रग्बी खेळले, १९२४ साली पॅरिस येथे धावण्यात सुवर्णपदक मिळविले, व पुढे चीनमध्ये मिशनरी झाले. रविवार पाळण्याविषयी ते इतके दृढ होते की ऑलिंपिकमधील रविवारची शर्यत त्यांनी सोडून दिली होती. महायुद्धात वेइशिएन येथील बंदिछावणीत असता मुलांनी रविवारी आपापलेच सामने मांडिले व त्यांत मारामारी झाली. तेव्हा दूर राहून निषेध करण्याऐवजी लिडेल स्वतः पंच म्हणून मैदानावर उभे राहिले. मुलांना आपल्या मनाई-आज्ञेपेक्षा आपल्या सान्निध्याची गरज अधिक आहे, हे त्यांनी ओळखिले. १९४५ च्या फेब्रुवारीत त्याच छावणीत त्यांचा अंत झाला.

तेव्हा वडीलहो, मुलांना पावसात खेळू द्या, आणि त्यांच्याबरोबर आपणही भिजा. सामन्यापूर्वी एका समंजस माणसाच्या हाती थांबविण्याचा अधिकार द्या. तो कोणत्याही संघाचा नसावा व ज्यांनी मंडप घातला त्यांच्यापैकीही नसावा. त्याने थांबविलेला सामना कोणाचीही हार नव्हे असे खेळापूर्वीच सर्वांस ऐकवा. जे मूल आपण होऊन ‘पुरे’ म्हणेल त्यास चार जणांदेखत शाबासकी द्या, कारण ते म्हणावयास पकडीपेक्षा अधिक धैर्य लागते. आणि आकाशात गडगडू लागले की ढालीकडे पाहू नका, मुलांकडे पाहा, व शिट्टी वाजवा.