कुमारांच्या स्पर्धा आणि पालकांचा न्याय

गेल्या उन्हाळ्यांत नागपुराहून परत येत असतां आगगाडीच्या डब्यांत आम्हांस दोन कुटुंबें भेटलीं. दोघांचींही मुलें नागपुरास टेनिसची स्पर्धा खेळून परतत होतीं. एकाचें घर आमच्याप्रमाणें अमरावतीस, दुसऱ्याचें अकोल्यास. वर्धा मागें पडेपर्यंत बोलणें उन्हाचें आणि कापसाच्या भावाचें झालें. मग विषय निघाला तो राष्ट्रीय कुमार-स्पर्धांचा : तेथें किती मुलांस प्रवेश असावा, आणि तो केवळ क्रमांकावर द्यावा कीं दूरच्या भागांसाठीं कांहीं जागा राखून ठेवाव्या. अमरावतीचे वकीलसाहेब म्हणाले, राष्ट्रीय स्पर्धा ही जत्रा नव्हे. उत्तम अशीं बत्तीस मुलें घ्यावीं आणि दार लावून घ्यावें. अकोल्याचे व्यापारी गृहस्थ सरकीचा धंदा करणारे. ते बराच वेळ ऐकत राहिले आणि मग शांतपणें म्हणाले, “भाऊ, तुमचा पोट्टा त्या बत्तिसांत हाय, म्हणून तुमाले हा कायदा गोड लागते.”

वकीलसाहेबांस राग आला, आणि तो येणें साहजिक होतें. तथापि या एका वाक्यानें वादाचें खरें स्थान उघड केलें असें आम्हांस वाटतें. ज्या खटल्यांत आपला आप्त पक्षकार आहे तो न्यायाधीश स्वतः चालवीत नाहीं. मग मुलाचा बाप मुलांच्या स्पर्धेच्या नियमांविषयीं बोलतो तो कोणत्या अधिकारानें? बरें, बापांस गप्प बसवावें तर बोलावें कोणीं? वैशाखाच्या उन्हांत पत्र्याच्या सावलींत दिवसभर बसणें म्हणजे काय, हें पालकांवांचून दुसऱ्या कोणास ठाऊक आहे? ज्यास माहिती आहे तोच पक्षपाती, आणि जो निःपक्षपाती तो बहुधा अनभिज्ञ, अशी ही अडचण आहे.

या बाबतींत आमचे हात स्वच्छ नाहींत, हें सांगून टाकणें बरें. सुमारें बारा वर्षांपूर्वीं आमची कन्या चौदा वर्षांखालील गटांत खेळत असे. एका मोठ्या स्पर्धेंत थोडक्यासाठीं तिचा प्रवेश हुकला, तेव्हां आम्हीं व्यवस्थापकांस एक लांबलचक पत्र लिहिलें. संधीची समता, ग्रामीण भागांची उपेक्षा, शिक्षणाचें ध्येय, असें कांहींही त्यांत लिहावयाचें आम्हीं ठेवलें नव्हतें. पुढल्या वर्षीं तिचा क्रमांक वर गेला. त्या स्पर्धेंत पहिल्या फेरींतील तिचे प्रतिस्पर्धी फारच कच्चे निघाले, आणि अशा गर्दीनें स्पर्धेचा दर्जा खालावतो असें आम्ही घरीं जेवतांना बोलून गेलों. मुलगी म्हणाली, “बाबा, मागच्या वर्षी त्या गर्दीत मीच होते ना?” आम्हांस ताटावरून मान वर करवली नाहीं. पत्र लिहितांना आम्ही खोटें बोलत होतों असें नव्हे. प्रत्येक शब्दावर आमचा विश्वास होता. भय वाटतें तें त्याचेंच.

आतां वकीलसाहेबांच्या मुख्य मुद्द्याकडे वळूं. क्रमांक हा निःपक्षपाती आहे, तो जात, गांव, ओळख पाहात नाहीं, असें ते म्हणतात. आपल्याकडे कुमारांचे सामने बारा, चौदा, सोळा आणि अठरा वर्षांखालील अशा गटांत होतात. स्पर्धेंतील यशाचे गुण मिळतात, गुणांवरून क्रमांक लागतो आणि क्रमांकावरून पुढील प्रवेश. वरवर पाहतां यांत अन्याय कोठें आहे? पण गुण मिळावयाचे तर आधीं खेळावयास गेलें पाहिजे. पुण्याच्या मुलास अनेक स्पर्धा घरचें जेवण जेवून खेळतां येतात. अकोल्याच्या मुलास त्यासाठीं पांचशें किलोमीटरांच्या आसपास प्रवास, बापाची किंवा आईची रजा आणि खोलीचें भाडें लागतें. म्हणजे क्रमांकांत मुलाच्या हाताचें कसब असतें, तसाच घरचा पैसाही असतो, आणि दोन्ही एकाच आंकड्यांत असे मिसळलेले असतात कीं वेगळे काढतां येत नाहींत.

वऱ्हाडास व्यायामाची परंपरा नाहीं असें कोणी म्हणणार नाहीं. अमरावतीचें हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्यें स्थापन झालें, आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळीं त्याच्या पथकानें तेथें देशी खेळांचीं प्रात्यक्षिकें दाखविलीं. पण हुतूतूस लागतें मोकळें अंगण आणि चार सवंगडी. टेनिसला आंखलेलें मैदान, तांतीची रॅकेट, लवकर निकामी होणारे चेंडू आणि आपल्या तोडीचा प्रतिस्पर्धी हवा. हा शेवटला जिन्नस आमच्या भागांत सर्वांत दुर्मिळ आहे.

हा वाद आपल्याकडेच आहे असेंही नाहीं. अमेरिकेच्या टेनिस संघटनेनें २०१२ सालीं कुमारांच्या राष्ट्रीय स्पर्धा व त्यांतील जागा कमी करण्याचें ठरविलें. प्रवास, खर्च आणि बुडणारी शाळा हीं कारणें पुढें करून, मुलांनीं आपापल्या विभागांत अधिक खेळावें असा तिचा हेतु होता. तेथें असे सतरा विभाग आहेत. पालकांनीं मोठा गिल्ला केला. संघटनेच्या पुढाऱ्यांनीं ठिकठिकाणीं सभा घेऊन त्यांचें म्हणणें ऐकलें, आणि योजनेंत फेरबदल करूनच ती २०१४ पासून अमलांत आली. जागा कमी करणारे आणि त्या राखूं पाहणारे, दोघेही मुलांच्या हिताचेंच नांव घेत होते.

आमचें मत विचाराल तर, बाद पद्धतीच्या स्पर्धेचा साधा हिशेब कोणी करीत नाहीं. एकेरींत बत्तीस मुलें असलीं तर सोळा मुलें एकच सामना खेळून परततात. चौसष्ट केलीं तर बत्तीस. दार रुंद केल्यानें अकोल्याच्या मुलाच्या पदरीं बहुधा पडतें तें दोन रात्रींचा प्रवास आणि तासाभराचा पराभव. पालकांच्या मनांत १९७९ चे रमेश कृष्णन किंवा १९९० चे लिअँडर पेस असतात. विंबल्डनचें कुमार-विजेतेपद हें दृश्यच मोठें आहे! पण तें कांहीं पहिल्या फेरींत परतणाऱ्या मुलाच्या कामाचें नाहीं. त्याला हवेत आठवड्याआड अटीतटीचे सामने, सकाळीं जाऊन रात्रीं घरीं परततां येईल इतक्या अंतरावर.

तोंपर्यंत कांहीं जागा विभागवार राखाव्या, असें आम्ही म्हणतों. आपल्या शालेय क्रीडास्पर्धांत जिल्हा, विभाग, राज्य अशी चढण आहे, आणि अमरावती विभागाचा विजेता राज्यापर्यंत पोंचतोच. त्यानें आकाश कोसळलेलें नाहीं. मात्र तेहतिसाव्या क्रमांकाची पुण्याची मुलगी त्यापायीं बाहेर राहिली तर तिच्यावर अन्याय होतो, हें उघडपणें कबूल केलें पाहिजे. तिनेंही पहांटे उठून मेहनत केलेली असते. तिच्या बापाचें पत्र आमच्या त्या पत्राइतकेंच प्रामाणिक असेल, आणि त्यास देण्यासारखें समाधानकारक उत्तर आमच्यापाशीं नाहीं.

हें सारें आम्हीं धामणगांव ते बडनेरा एवढ्या वेळांत सांगितलें, अर्थात् पत्राची हकीकत धरून. वकीलसाहेबांचें मत पालटलें नाहीं. परंतु अमरावती आणि अकोला यांनीं आळीपाळीनें दर पंधरवड्यास मुलांचे सामने भरवावे, एवढ्यावर दोघांचें जमलें. चेंडूंचा खर्च व्यापारी गृहस्थांनीं पत्करला आहे, मैदानाची परवानगी वकीलसाहेब पाहात आहेत, आणि सामन्यांचीं वेळापत्रकें लिहिण्याचें काम आमच्या गळ्यांत पडलें आहे.